तेवीस टक्क्यांचा मेळ

माझ्या बायकोच्या हाताशी माझा मेळ तेवीस टक्के निघाला. एक्केचाळीस वर्षांच्या संसारानंतर तेवीस. आमच्या वेळी शाळेत एवढ्या गुणांवर वरच्या वर्गात ढकलतसुद्धा नसत.

कुमुदला पक्षाघाताचा झटका आला तो चैत्रात, सकाळी साडेसहाला, दूध तापवताना. पातेलं उतरवायला गेलेला उजवा हात अर्ध्या वाटेवरून खाली आला आणि लोंबकळत राहिला. मी तिला पाऊण तासात रुग्णालयात पोचवलं, म्हणून ती वाचली असं सगळे म्हणतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

तीन आठवड्यांत ती धरून धरून चालायला लागली. बोलणंही तुटक तुटक परत आलं. उजवा हात मात्र मेल्यासारखाच. आणि कुमुदला सगळ्यात जास्त लागलं ते जेवणाचं. डाव्या हाताने घास घेणं तिला मरणप्राय वाटे. मी भरवायचो तर ती डोळे मिटून तोंड उघडायची. मला वाटायचं, औषध घेतल्यासारखं काय करते ही? मी काय कडू आहे?

साताऱ्यातल्या आमच्या पुनर्वसन केंद्रात त्या वर्षी जोडबाही नावाचं नवं यंत्र आलं होतं. डॉक्टर ऋजुता भोसेकर ते केंद्र चालवत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, मला काका म्हणायच्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. झटक्यात मेंदूचा जो भाग मेला तो मेलाच, पण शेजारचे भाग त्याचं काम शिकू शकतात, आणि पहिले नव्वद दिवस ते सगळ्यात भराभर शिकतात. अडचण अशी की कुमुदचा मेंदू ‘हात उचल’ असा हुकूम सोडतो आणि हात हलत नाही. हुकमाला उत्तरच आलं नाही तर मेंदू थोड्या दिवसांत हुकूम सोडायचंच थांबवतो. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून चौतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा भाग मला लगेच पटला.

मग डोक्यावर तारांच्या जाळीची टोपी आणि हातावर बाही. टोपी हुकूम पकडते आणि बाहीतल्या पट्ट्या त्याच क्षणी स्नायूंना विजेचा बारीक चिमटा देऊन हात हलवतात. मेंदूला वाटतं, ऐकलं बुवा आपलं. पण झटक्यानंतर हुकूम इतका क्षीण असतो की यंत्राला तो एकट्याने सापडत नाही. म्हणून समोर दुसरं माणूस बसवायचं, त्याच्या हातात दुसरी बाही. आपण ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं हाताने काम केलेलं असतं, त्याचा हात हलणार हे आपल्या मेंदूला क्षणभर आधीच कळतं आणि त्यातला हाताचा भाग आपोआप जागा होतो. दोन्ही मेंदूंच्या लहरी एकमेकींवर जितक्या बसतील तितका मेळ. साठच्या वर असेल तर हात परत यायची आशा धरायची. समोर संगणक बसवूनही पाहिलं होतं म्हणे, पण मेंदू संगणकाच्या हाताची वाट बघत नाही.

अर्जावर ‘समोर बसणारी व्यक्ती’ या रकान्यात मी न विचारता माझं नाव लिहिलं. दुसऱ्या कुणाचं लिहिणार?

“तेवीस,” डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या.

“यंत्र पुन्हा लावून बघा,” मी म्हणालो.

पुन्हा तेवीस. मी चिडून टेबलावर मधल्या बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं. माझी सवयच आहे ती. जेवताना पाणी हवं असलं, भाजी हवी असली की मी तसं ठोकतो, बोलत नाही. आणि काय झालं, तर शेजारी बसलेल्या कुमुदचा चांगला डावा हात सरकन पुढे आला आणि तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. तिचं लक्षही नव्हतं.

डॉक्टरांनी ते पाहिलं. “काका, काकूंचा मेंदू तुमची हाक ओळखतो. हात ओळखत नाही. तुम्ही दोघांनी मिळून हाताने काय काम केलंय?”

मी आठवायला लागलो. कणीक मळली नाही. चादरीचं दुसरं टोक धरलं नाही. लग्नात हातात हात दिला होता, तो पुरोहिताने दिला होता.

“मग दुसरं कोण? काकू नोकरी करायच्या ना?”

कुमुदने तोंड उघडलं. त्या दिवसांत तिला माझं आडनावसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं, ‘खै... मो...’ वर गाडी अडायची. आणि ती अगदी स्वच्छ म्हणाली, “पेटकर.”

माझ्या अंगाची आग झाली.

पेटकर म्हणजे विनायक पेटकर. कुमुद सव्वीस वर्षं एका छापखान्याच्या बांधणी खात्यात होती. कोर्टाच्या आणि तहसिलीच्या वह्या तिथे बांधल्या जायच्या, आणि त्या पिढ्यान् पिढ्या टिकाव्या लागतात म्हणून हातानेच शिवल्या जायच्या. पेटकर कागदाचे ताव दुमडून फर्मे करायचे, टेबलावर कड आपटून सारखे करायचे आणि समोर सरकवायचे. कुमुद मेणाच्या दोऱ्याने ते शिवायची. घरी आली की पेटकर असं म्हणाले, पेटकरांनी आज लिंबाचं लोणचं आणलं. मी जेवता जेवता ऐकायचो आणि पाण्यासाठी ठोकायचो.

एकदा खंडेनवमीला छापखान्यात यंत्रांची पूजा होती, तेव्हा मी गेलो होतो. पूजेला वेळ होता आणि एक घाईची वही बाकी होती, म्हणून ती दोघं बसली होती. मी दारात उभा. त्यांचा फर्मा पुढे, तिची सुई आत, दोरा बाहेर, तोवर दुसरा फर्मा पुढे. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. एक शब्द नाही. माझं येणं तिला दहा मिनिटं कळलं नाही. त्यांच्यात वावगं काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. वावगं असतं तर मी भांडलो असतो. याच्याशी भांडायचं कसं?

“पेटकरांना विचारता का काका?” डॉक्टर म्हणाल्या. “आज बाविसावा दिवस आहे.”

“विचारतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की पेटकर मुलाकडे हुबळीला गेलेत आणि फोन लागत नाही. हे मी कुमुदच्या तोंडावर सांगितलं. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पेटकर करंज्यात राहतात, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. फोन मी लावलाच नव्हता.

मग मीच समोर बसलो. रोज सकाळी दहा ते अकरा. मी हात उचलायचो, तिची टोपी काहीबाही पकडायची, चिमटा उशिरा बसायचा, हात नुसता थरथरायचा. मी म्हणायचो, “अगं, लक्ष दे की.” ती म्हणायची, “अहो... तुम्ही... कधी... उचलता... कळत नाही.” मी म्हणायचो, “आत्ता उचलला नाही का?” मग तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी डॉक्टरांवर ओरडायचो. तिच्या बहिणीला बसवून पाहिलं, चौतीस. मुलगी रजा काढून आली, तिचा एक्केचाळीस. मला मुलीचासुद्धा राग आला. एक्केचाळीस! पोरगी घरात राहिली किती वर्षं?

पन्नासावा दिवस गेला. साठावा गेला. मी मोजत होतो, मोजणं माझा धंदाच होता. आयुष्यभर लोकांच्या बांधावर जाऊन सांगत आलो की दोन हात जमिनीसाठी सख्ख्या भावाशी वैर करू नका. आणि मी स्वतःचा बांध धरून बसलो होतो. रोज मनाशी म्हणायचो, उद्या पंचवीस होईल, परवा तीस. तेविसाचे फार तर चोवीस झाले.

एकसष्टाव्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला गेलो आणि चिठ्ठी विसरल्यामुळे अर्ध्यातून परत आलो. कुमुद स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. पुढे ताटलीत दहीभात. तिने शिवणाच्या डब्यातून जुना मेणाचा दोरा काढला होता, आणि दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं डाव्या हातात धरून उजव्या मुठीला चमचा बांधत होती. गाठ बसली. मग डाव्या हाताने उजवं मनगट उचलून तिने चमचा भातात घातला आणि तोंडाकडे नेला. भात पदरावर पडला. तिने तो गोळा करून परत ताटलीत टाकला आणि पुन्हा मनगट उचललं. असं चार वेळा. ती रडत नव्हती. रडली असती तर मी आत जाऊन काहीतरी बोललो असतो.

मी तसाच मागे फिरलो आणि करंज्याची वाट धरली. वाटभर स्वतःला शिव्या दिल्या आणि मधून मधून पेटकरांनाही.

पेटकर ओट्यावर बसले होते. बायको वारल्यापासून एकटेच राहतात. मला पाहून उठले.

“या साहेब, बसा की.”

“कुमुदला—”

“ठाऊक हाय. समद्या गावाला ठाऊक हाय. मी वाट बघत हुतो. लई उशीर केलासा.”

“तुम्ही का नाही आलात मग?” मी उलटा चढलो. मला भांडायला काहीतरी हवंच होतं.

“सव्वीस वर्सांत तुमच्या घरी बोलावल्याबिगर कधी आलो न्हाई साहेब. आता कसा येऊ?” त्यांनी गुडघ्यावरचा रुमाल उचलला, दोनदा दुमडला, त्याची कड मांडीवर आपटून सारखी केली आणि खिशात घातला. “सदरा बदलून येतो. दोन मिंटं.”

मी त्यांना जोडबाही काय असते, मेळ कसा मोजतात ते सांगायला लागलो. ते आतून म्हणाले, “मेळ बसंल. त्याची काळजी नगा करू.” इतक्या सहज म्हणाले की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मेळ ब्याण्णव निघाला.

केंद्रात बाहेर बसायला एक बाक आहे आणि मध्ये काच. मी त्या बाकावर बसलो. आत कुमुद आणि पेटकर समोरासमोर, मध्ये टेबल. नमस्कार-चमत्कार झाला तेवढाच. पेटकरांनी कागदाचा एक ताव दुमडला, टेबलावर कड दोनदा आपटली, समोर सरकवला. आणि कुमुदचा उजवा हात, एकसष्ट दिवस मेलेला हात, टेबलावरून दोन बोटं पुढे आला. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागल्या. कुमुद हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा, वाकड्या तोंडाने, पण हसली.

मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झाला असेलही. पण त्याच्या आधी जे झालं ते असं की मला त्या माणसाचा हात मोडावासा वाटला.

त्यांनी एक फर्मा संपवला तेव्हा पेटकर म्हणाले, आणि काचेचं दार उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं, “बाई, आधी निरोप आला असता तर आतापोत्तर सुई धरली असती तुमी.”

“तुम्ही... हुबळीला... होता ना?”

“हुबळी? मी पाच वर्सं सातारा सोडलेला न्हाई.”

कुमुदने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं.

आम्ही रिक्षाने घरी आलो. दाराशी आल्यावर ती म्हणाली, “किती... दिवस?”

“एकोणचाळीस,” मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण नव्हतं. “मला सहन झालं नाही. तू माझ्या आधी त्यांचं नाव घेतलंस. माझा तेवीस आला. मी जळलो, कुमुद.”

ती आत गेली. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी भरवायला बसलो की तोंड फिरवायची. मग मी ताटली ठेवून बाहेर जायचो आणि ती डाव्या हाताने एकटी जेवायची.

पेटकर रोज दहाला यायचे. हात येत गेला. आधी कोपर, मग मनगट, मग चार बोटं. अंगठा येईना. नव्वदाव्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, “काकू, जेवता येईल, केस विंचरता येतील. पण चिमूट जमेल असं दिसत नाही. सुई नाही धरता येणार. थोडं आधी जर...” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुमुद आपल्या अंगठ्याकडे बघत होती. त्या अंगठ्याचं पाप माझ्या डोक्यावर आहे, आणि ते उतरायचा काही मार्ग नाही.

आता हाताबरोबर जे दुसरं घरात आलं ते सांगतो. कुमुद उजव्या हाताने काहीही उचलायच्या आधी त्याची कड दोनदा आपटायला लागली. वर्तमानपत्र आपटायची, पोळी ताटलीवर आपटायची, पाण्याचं भांडं टेबलावर टक टक करून मगच ओठाला लावायची. सव्वीस वर्षांत ही सवय तिची कधीच नव्हती, तिची सुई होती. आपटणं पेटकरांचं. मी धावत केंद्रात गेलो.

“होतं असं,” डॉक्टर म्हणाल्या. “ज्याच्या हातावरून हात शिकला, त्याच्या लकबी थोड्या उतरतात.”

“जातील ना?”

“जातील किंवा राहतील. पण काका, मेळ काही जन्माची रास नसते. वाढतो. रोज तासभर दोघांनी मिळून हाताने काम करा. घरातलं काहीही.”

म्हणजे माझ्या जेवणाच्या टेबलावर पेटकर येऊन बसले होते आणि त्यांना उठवायचं असेल तर मला वाटाणे सोलायचे होते. मी सोलायला लागलो. सांगतो, प्रेमापोटी नाही, निव्वळ मत्सरापोटी. टेबलाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये परात. मी शेंग मोडायची, तिने चार बोटांनी दाणे ओढायचे. माझे दाणे जमिनीवर उडायचे. ती म्हणायची, “हळू.” एवढंच म्हणायची, पण बोलायला लागली. मग कणीक. मी पाणी जास्त घालायचो. “अहो... पीठ आहे... माती नाही.” मग चादरी. चादरीची घडी दोघांत घालताना समोरचं माणूस पुढे कधी येणार हे बघावं लागतं. इतक्या वर्षांत मी हे कधी बघितलं नव्हतं. ती श्वास घेते, खांदा किंचित उचलते, मग पाऊल टाकते. पंधरा दिवसांनी मला ते न बघता कळायला लागलं.

मार्गशीर्षात पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस. साठाच्या खालीच, पण मी पेढे वाटले. पेटकरांनाही एक नेऊन दिला. त्यांनी तो घेतला आणि म्हणाले, “आता माझं काम संपलं म्हणायचं.” मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. “गुरुवारी येत जा,” मी म्हणालो. जीभ कशी वळली कुणास ठाऊक. “जेवायलाच या.”

गेल्या गुरुवारची गोष्ट. पेटकर जेवून गेले होते. आम्ही दोघं मागाहून बसलो होतो. कुमुद उजव्या हाताने जेवत होती, अंगठा साथ देत नाही म्हणून चार बोटांत भात धरून. सांडत होतं. मी बघत होतो. एकाएकी माझ्या तोंडून निघून गेलं, “कुमुद, मला तू माफ केलंस का?”

तिने घास ठेवला. मग तिचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला, मधलं बोट वाकलं, आणि त्या बोटाच्या पेराने तिने टेबलावर तीनदा ठोकलं.

माझं ठोकणं. हुबेहूब माझं. ती आपल्या हाताकडे बघतच राहिली. तिलाही ते येणार हे माहीत नव्हतं.

मी मात्र उठलो होतो. विचार न करता उठलो, माठाकडे गेलो आणि पाण्याचं भांडं भरून तिच्यापुढे ठेवलं. माझे पाय परत खुर्चीशी आले तेव्हा मला कळलं की मी काय केलं. आणि एक्केचाळीस वर्षं ती किती वेळा उठली असेल, तेही कळलं.

कुमुदने भांडं उचललं. टेबलावर कड दोनदा आपटली, टक, टक, अगदी पेटकरांसारखी, आणि सगळं पाणी एका दमात प्यायली.

मला जळायचं होतं तेवढं मी जळलो. मग विचारलं, “अजून आणू?”